आयर्न मेडनचा ‘सेनजुत्सू’ सलग ऐकावा का?

प्रश्न: आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या २०२१ सालच्या, सुमारे ८२ मिनिटांच्या या दुहेरी अल्बमची पहिली सीडी मला मनापासून भावली, मात्र बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिसने लिहिलेली, प्रत्येकी १० मिनिटांहून मोठी असलेली शेवटची तिन्ही गाणी सलग ऐकताना लक्ष टिकत नाही. आपण ती कशी ऐकता?

प्रतिसाद १: दुसरी सीडी वेगळ्या दिवशी ऐकावी. अखेरच्या गाण्यात संथ प्रस्तावनेनंतर गिटारी उसळी घेतात, तो क्षण थकलेल्या कानांनी ऐकणे म्हणजे त्या गाण्यावर अन्याय आहे.

प्रतिसाद २: दोष कानांचा नाही. २०१५ च्या ‘द बुक ऑफ सोल्स’ या त्यांच्याच अल्बममधील १८ मिनिटांचे गाणे खिळवून ठेवते, कारण पियानोपासून सुरू झालेली आर१०१ या वायुनौकेची (एअरशिपची) शोककथा त्यात सतत पुढे सरकते; इथे त्याच सुरावटी फार वेळा परततात. तरीही निको मॅकब्रेनच्या ड्रमवादनासाठी मी ही गाणी पुन्हा पुन्हा लावतो.