मालवणला गरवायला जायचंय: वडील पहिल्यांदाच समुद्रात, काय काळजी घ्यावी?

कृष्णाकाठची
नमस्कार. माझे बाबा सांगलीचे. आयर्विन पुलाच्या आसपास कृष्णेवर गळ टाकत त्यांचं तरुणपण गेलं. कणकेची गोळी, बांबूची काठी, बस्स. आता वय 68, तब्येत ठणठणीत, पोहायला येतं. नाताळच्या सुट्टीत तारकर्लीला जाणार आहोत आणि त्यांना एकदा तरी होडीतून तळाचा मासा धरायचाय. सोबत माझा 11 वर्षांचा भाचा. समुद्राचा अनुभव कुणालाच नाही. जिथे उतरणार तिथले लोक दुपारी चारची वेळ देतायत. रॉड विकत घ्यावा का? किती आत जावं लागतं?

देवबागकर
ताई, दुपारी चार अजिबात नको. हिवाळ्यात पहाटे मतलई असते, वारा जमिनीवरून येतो, पाणी सपाट. अकराच्या पुढे खारा, म्हणजे समुद्रावरचा, वारा धरतो आणि दुपारी लहान होडी नांगरावर नुसती हेलकावत राहते. नवख्या माणसाला मळमळतं ते होडी पळताना नाही, नांगर टाकून उभी राहिली की. साडेसहाला निघा, दहापर्यंत किनाऱ्याला.

आणि सुट्टीपेक्षा तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही, दोरी तिरकी जाते आणि मासा लागला की नाही ते कळतच नाही. अष्टमीच्या पुढचे दोन-तीन दिवस भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी. नवशिक्याने भांगालाच जावं. चार दिवसांत असा एक दिवस मिळाला तर बाकीचे कार्यक्रम त्याभोवती लावा.

लांब जायची गरज नाही. आठ-दहा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकांच्या, कडेला चांगले मासे असतात. फक्त सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती गरवायचं नाही. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि किल्ल्याभोवतीचा भाग त्याचा गाभा. होडीवाला 'चलता हय' म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा. ती खडपं राहिली तर बाहेर मासा राहील, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

रॉड नको. हातातली तंगूस (नायलॉनची दोरी), खाली शिसं, त्याच्या वर दोन गऱ्या, म्हणजे गळाचे आकडे. आमिष सुंगटाचं (कोळंबीचं) किंवा माकुलाच्या (स्क्विडच्या) पट्टीचं. माकूल चिवट, लहान मासे ते सहज सोडवून नेत नाहीत. शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्या आणि दोरी तर्जनीवर ठेवा. सगळं त्या बोटात आहे. खडकावर शिसं 'टक' करून वाजतं, वाळूत मऊ बसतं, चिखलात उचलताना चिकटल्यासारखं जड लागतं. राणी मासा टुकटुक करत आमिष कुरतडतो. तांबोशी तसं करत नाही, एकदम खाली ओढते आणि खडपाकडे पळते. तेव्हा पहिले दोन-तीन वाव पटापट वर घ्यायचे, नाहीतर ती दगडात शिरते. गोबरा शिरला तर ओढाताण करू नका, दोरी सैल सोडून थांबा, बरेचदा तो आपणहून बाहेर येतो.

बाबांना नदीवर बूच बुडालं की हिसका द्यायची सवय असणार. इथे होडीवाल्याने आत वळलेल्या टोकाची गोल गरी दिली तर हिसका द्यायचा नाही. दोरी जड झाली की सावकाश ओढत जायचं, गरी आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसते. आणि दोरी तळहाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. मोठा मासा लागला तर तंगूस हात कापते.

ठाण्याची नर्सताई
भाच्याच्या दृष्टीने सांगते. शिंगाळा (मिशांचा मासा) वर आला तर मुलाला हात लावू देऊ नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे करवतीसारखे असतात, विषारीही. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि लगेच डॉक्टरकडे न्या. अंग फुगवणारा केंड लागला तर सोडून द्यायचा, खायचा नाही. त्यातलं विष शिजवून जात नाही. मळमळीची गोळी होडीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी लागते. मुलाचा डोस आणि बाबांच्या चालू गोळ्यांबरोबर चालेल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. उपाशी जाऊ नका, पण तेलकटही नको.

कृष्णाकाठची
दोघांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते आत्ताच बोटावर दोरा धरून बसलेत. होडी ठरवताना काय विचारू? आणि मासे घरी आणता येतात का?

देवबागकर
आधी जाकिटं बघा, मुलाच्या मापाचं वेगळं हवं, मोठ्यांच्या जाकिटातून पोर निसटतं. होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तो बघून घ्या. कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडणार असाल तर परतायची वेळ ओहोटीची आहे का ते विचारा, तिथे ओहोटीला लाटा फुटतात. जाणता तांडेल (होडीचा प्रमुख) स्वतःच वेळ बदलून देईल. मासे आणा की, घरातून निघताना बर्फाची पेटी घ्या. वीतभर तांबोशी मात्र परत पाण्यात सोडायला सांगा, ओल्या हाताने धरून. आणि येण्याआधी ठरलेला दिवस कळवा, वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री मी इथून सांगेन.