आप्पांना बोलतं कसं करू?

वडगावकर:
आमचे आप्पा ७८ वर्षांचे. जन्मभर बेळगावच्या वडगावात माग चालवला. फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं आटोक्यात आहे. त्यांच्या आयुष्याचं त्यांच्याच तोंडून ऐकून ठेवायचंय. परवा मोबाइल पुढं धरून विचारलं, "आप्पा, काय सांगायचं राहिलंय काय?" ते भिंतीकडं तोंड करून झोपले. आई भडकली, "जिवंत माणसाचं तेरावं घालतोस काय?" कुणी असं बोलणं केलंय का?

निपाणीची लेक:
दादा, मीही हेच केलं होतं. "राहिलंय काय" हा शब्दच नको. माझी आई विड्या वळायची. एक दिवस मी तिच्या मांडीवर तिचं जुनं सूप ठेवलं. बोटं आपसूक वळायला लागली आणि १९८१ च्या निपाणीतल्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात हायवेवर बसलेल्यांना भाकरी पोचवल्याचं तिनं सांगितलं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं! मोबाइल उशाशी ठेवला, पण तिला विचारून. चोरून रेकॉर्ड करू नका.

खानापूरची सिस्टर:
मी घरोघरी जाऊन असे पेशंट बघते. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव्ह यांनी यासाठी 'डिग्निटी थेरपी' बसवली. २००५ च्या त्यांच्या अभ्यासात १०० पेशंट होते, त्यातले ९१ टक्के समाधानी होते. त्यातही सुरुवात मरणापासून नसते. आयुष्यातलं ठळक काय आठवतं, हे विचारतात. मग बोललेलं लिहून पेशंटला वाचून दाखवतात, तो हवं ते गाळतो. हे वाचून दाखवणं सोडू नका. भावकीचा राग बोलण्यात निघून जातो, कागदावर राहिला तर पोरांना पुरतो. गोळीनंतर तासाभरानं, गुंगी नसेल तेव्हा बसा. धाप लागली की थांबा. मध्येच कन्नड बोलले तर तसंच लिहा, तेही त्यांचंच आहे.

वडगावकर:
माळ्यावरचा धोटा, मागावर आडवं सूत नेतो तो, काढून काल आप्पांच्या हातात दिला. अंगठ्यानं टोक चाचपलं, म्हणाले, "घासलंय की रे." मग वीस मिनिटं बोलत होते. लग्नानंतर आईसाठी रात्री जागून विणलेलं हिरवं लुगडं, मालकाला न सांगता वापरलेलं सूत, सगळं. आई सैपाकघरातून ओरडली, "हिरवं नव्हतं, चिंतामणी रंगाचं होतं!" आणि हात पुसत येऊन खाटेवर बसली.