टीव्हीला घ्या, फ्रिजला नको. आणि पुराचं वेगळं बघा

दादा, ४३ हजारांच्या टीव्हीवर साडेचार हजारांची जादा वॉरंटी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: त्यात पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, धरलेलं असेल आणि वॉरंटी कंपनीची स्वतःची असेल, तरच घ्या. टीव्हीत खरा पैसा पॅनेलचाच. ते गेलं की दुरुस्ती परवडत नाही, लोक नवीनच घेतात. फ्रिजचं तसं नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवर बऱ्याच कंपन्या मुळातच १० वर्षं देतात. आतलं सर्किटचं कार्ड जळलं तर आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत दुरुस्त करणारे आहेत.

पण कोल्हापुरात राहून एक गोष्ट विसरू नका. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. वॉशिंग मशीनची जादा वॉरंटी चालू होती, तरी दुकानदारानं कागद पुढं केला: नैसर्गिक आपत्ती वगळून. आई तो कागद हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली होती. वॉरंटी बिघाडाची असते, पुराची नव्हे, हे तेव्हा कळलं. विजेचा दाब वरखाली होऊन जळालं तरी बहुतेक वेळा हात वर करतात.

पंचगंगेच्या पट्ट्यात घर असेल तर तेच पैसे घरविम्याकडं वळवा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांत सारख्याच मूळ अटींची, पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो आणि घरातलं सामानही धरता येतं.

दुकानात सही करण्याआधी ‘काय वगळलंय’ तेवढं पान मात्र मागून घ्या. देत नसतील तर उठून या.