नेब्रास्काचं एकच सभागृह

अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात दोन सभागृहं असतात, असं म्हटलं जातं. ४९ राज्यांत असतात, पण नेब्रास्कात नाहीत. तिथे एकच सभागृह आहे, सदस्य ४९, आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत.

हे झालं नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांच्या आग्रहामुळे. दोन सभागृहांतले मतभेद मिटवणाऱ्या समित्या बंद दाराआड कायदे बदलतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. १९३४मध्ये मतदारांनी एकच सभागृह ठेवणं मान्य केलं आणि १९३७पासून नवी पद्धत सुरू झाली. मला सगळ्यात आवडते ती तिथली जाहीर सुनावणी. प्रत्येक विधेयकावर ती होते आणि कुणीही सामान्य माणूस समितीपुढे बोलू शकतो. लोकशाही म्हणजे हेच, असं मला मनापासून वाटतं.

बाकी, राजधानी लिंकन आणि सर्वांत मोठं शहर ओमाहा, दोन्ही पूर्वेकडे. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १९.६ लाख. क्षेत्रफळ मात्र साधारण दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास दोन तृतीयांश! उत्तर-मध्य भागात सँडहिल्स, गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. तिथे मैलोन्‌मैल फक्त गुरं चरताना दिसतात.