प्रतिसाद: पीएमपीचा पास नक्की कधी परवडतो?

पीएमपीची, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बससेवेची, 1 जून 2025 ची भाडेवाढ सगळ्यांना सारखीच बसली, असं ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय. तसं नाही. 30 किमीपर्यंत दर 5 किमीला एक टप्पा, प्रत्येक टप्प्याला 10 रुपये. त्यामुळे खरा फटका बस बदलणाऱ्याला बसतो. थेट 12 किमीचं तिकीट 30 रुपये. तेच अंतर 6-6 किमीच्या दोन बसने कापलं तर 20 अधिक 20, म्हणजे 40. लांबचा मार्ग तोडून दोन छोटे केले की दर न वाढवताही प्रवाशाचं भाडं वाढतं, आणि यावर कुणी बोलत नाही याचं फार वाईट वाटतं.

दैनंदिन पास 70 रुपयांचा. एका बाजूला 30 लागत असतील तर जाऊन-येऊन 60, पास घेऊ नका. 40 लागत असतील तर सकाळी पहिल्याच बसमध्ये घ्या. मात्र तो पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतच चालतो. पुढे जायचं तर 150 चा.

मासिक पास 1500: रोज 80 लागत असतील तर 19 व्या दिवशी वसूल, 60 लागत असतील तर थेट 25 व्या. त्यामुळे रोज 60 लागत असतील आणि पाच दिवसांचा आठवडा असेल तर रोजची तिकिटंच बरी.