भिंतीमागची रहदारी ऐकवायची आहे, पण आवाज खोटा वाटतो

कानसेन:
रस्त्याकडेला ३ मीटरची ध्वनिरोधक भिंत होण्याआधीच सोसायटीला फरक ऐकवायचा आहे. रेकॉर्डिंग सरसकट १५ डेसिबलने उतरवलं, तर रस्ता नुसता लांब गेल्यासारखा वाटतो. म्हणून पायथॉनमध्ये एकेक गाडी रचली: ताशी ६० किमी, भिंतीपासून ६ मीटरवर, ऐकणारा पलीकडे १५ मीटरवर. भिंतीविना ऐकलं तरी बारीक गुणगुण येते आणि आवाज फेजरसारखा (गिटारच्या त्या इफेक्टसारखा, पोत सतत बदलत) फिरतो. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने), हिशेब १०२४ सॅम्पलच्या ब्लॉकने.

डांबरी:
गुणगुण ब्लॉकमुळे. गाडीची जागा दर ब्लॉकला एकदाच बदलली की सेकंदाला ४७ उड्या पडतात. विलंब (आवाज कानापर्यंत यायला लागणारा वेळ) प्रत्येक सॅम्पलला बदला आणि सॅम्पलच्या अपूर्णांकातला ठेवा. दोन सॅम्पलमधली किंमत काढायला तीन घाती लाग्रांज इंटरपोलेशन पुरतं. मग डॉप्लर आपोआप मिळतो (येताना सूर ५ टक्के वर, जाताना जवळपास तेवढाच खाली). वेगळा पिच शिफ्ट (सूर वरखाली करणारा इफेक्ट) असेल तर काढा, नाहीतर दुप्पट होईल.

फेजरचं मूळ जमिनीवरचं परावर्तन. सगळा आवाज ३० सेंमीवरून सोडलाय ना? कान दीड मीटरवर आणि अंतर २१ मीटर धरलं, तर थेट आणि जमिनीवरून येणाऱ्या दोन वाटांत ४ सेंमीचा फरक पडतो, म्हणजे ४ किलोहर्ट्झपाशी दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात आणि खड्डा पडतो. गाडी दूर असताना तो वर असतो, जवळ येताना खाली घसरतो. टायरचा आवाज ५ सेंमीवर ठेवा, तिथे खड्डा ऐकण्याच्या पल्ल्याबाहेर जातो. ३० सेंमीवर फक्त इंजिन. या वेगाला कारमध्ये टायरच वरचढ, त्यामुळे फिरणं जवळजवळ थांबेल.

कानसेन:
थांबलं! आता भिंत?

पडघम:
माएकावाचं सूत्र (भिंतीवरून वळून येणारा आवाज किती घटतो ते सांगणारं) कंप्रतेच्या पट्ट्यापट्ट्याने लावा. तुमच्या मापांत इंजिनचा आवाज १२५ हर्ट्झला सुमारे ११ डेसिबल घटतो, १००० ला १९. सरसकट १५ म्हणूनच फसलं: भिंतीमागे घरघर उरते, सळसळ जाते. टायर आणि इंजिनची गणितं वेगवेगळी करा. बस-ट्रकचा उंचावरचा एक्झॉस्ट विसरू नका; तिथे भिंत फारच कमी कामाची.

सोसायटीच्या आतले आवाज, पक्षी, पंप, वेगळ्या ट्रॅकवर घ्या, भिंतीच्या फिल्टरमधून नेऊ नका. रेकॉर्डिंगच्याच गेनवर (माइकच्या त्याच सेटिंगवर) ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर टोन (ठरावीक पातळीचा संदर्भ सूर) टिपून ठेवा, म्हणजे ऐकवताना खरी पातळी लावता येईल. हेडफोनची पातळी कृत्रिम कानावर (कानासारख्या मापनयंत्रावर) मोजायची सोय नसेल तर स्पीकर लावून डोक्याच्या जागी ध्वनिमापक मीटर धरा. व्हॉल्यूमला मग कुणाला हात लावू देऊ नका. लोक खिडकीतला अनुभव आठवून ठरवतात, पातळी चुकली तर भिंत उगाचच चांगली किंवा वाईट ठरेल.