मदत हवी आहे: कोची, शुक्रवार ते रविवार, सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई

चिंचगुळ:

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी कोचीला जायचं ठरतंय. आम्ही चौघं. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. शुक्रवारी सकाळच्या विमानाने मुंबईहून निघायचं आणि रविवारी रात्रीच्या विमानाने परत. एक दिवससुद्धा वाढवता येणार नाही. शुक्रवारी मुलाची शाळा बुडतेय यावरूनच घरात एक सभा झालेली आहे.

सासूबाई सपाट रस्त्यावर, बसत-उठत, तासभर सहज चालतात. जिने मात्र जमत नाहीत आणि होडीत ढांग टाकून चढणं तर नाहीच. त्या पूर्ण शाकाहारी. आम्ही बाकीचे तिघं काहीही खातो.

माझा कच्चा बेत असा: शुक्रवारी दुपारी मट्टनचेरी, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग आणि डच पॅलेस. शनिवारी सकाळी आलप्पुळा (अलेप्पी), तिथे हाऊसबोटीत रात्रीचा मुक्काम. रविवारी परत येऊन फोर्ट कोचीचं ते वास्को द गामाचं चर्च (सेंट फ्रान्सिस), मासेमारीची चिनी जाळी, आणि मग विमानतळ.

आता प्रश्न. शुक्रवारी रात्री राहायचं कुठे, एर्नाकुलमला की फोर्ट कोचीला? बुकिंगवाला म्हणतो एर्नाकुलममध्ये हॉटेलं चांगली आणि स्वस्त. हाऊसबोट एका रात्रीसाठी करण्यात अर्थ आहे का? सासूबाईंच्या जेवणाचं काय? आणि मुलाला कंटाळा येणार नाही असं काही आहे का? तो देवळं आणि म्युझियमं म्हटलं की मोबाईल काढतो.

पाचवा गियर:

एवढं केरळात जाताय तर मुन्नार सोडू नका! शुक्रवारी उतरल्या उतरल्या टॅक्सी करून थेट मुन्नार, शनिवारी चहाचे मळे, रविवारी खाली. कोचीत तसं बघायला एक दुपार पुरते.

खलाशीण:

पाचवा गियर, विमानतळापासून मुन्नार शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि निम्मा रस्ता घाटाचा. जाऊन-येऊन आठ तास गाडीत, तेही दुखऱ्या गुडघ्यांसह. तीन दिवसांत नको हो.

चिंचगुळताई, नवरा नौदलात असल्यामुळे आमचं बिऱ्हाड काही वर्षं कोचीत होतं, आणि पाहुणे आले की फिरवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमची ठिकाणं बरोबर आहेत, वार उलटे पडलेत. सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी पर्यटकांसाठी बंद असतं, कारण त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. डच पॅलेसला शुक्रवारची सुट्टी. म्हणजे शुक्रवारी दुपारी मट्टनचेरीला जाऊन तुम्ही दोन कुलपं बघून आला असता. उलट सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा आत हिंडता येत नाही. म्हणून सरळ अदलाबदल करा. शुक्रवारी फोर्ट कोची, रविवारी मट्टनचेरी. सिनेगॉग सकाळी दहा ते एक उघडं असतं आणि मग तीन ते पाच. दहालाच जा, नंतर बसगाड्या येतात.

मुक्काम फोर्ट कोचीलाच करा, दोन्ही रात्री. एर्नाकुलम म्हणजे ऑफिसं, मॉल, रेल्वे स्टेशन आणि ट्रॅफिक. ज्यासाठी तुम्ही चाललाय ते सगळं पाण्याच्या पलीकडे, फोर्ट कोचीच्या बाजूला आहे. पण एक गोष्ट आधी फोन करून विचारा, खोली तळमजल्यावर आहे का. तिथले होमस्टे जुन्या बंगल्यांत आहेत आणि त्यांचे लाकडी जिने चांगलेच उभे असतात. "लिफ्ट आहे का" विचाराल तर हसतील, "तळमजला द्या" म्हणाल तर देतील.

शुक्रवारी विमानतळावरून यायला दीड-दोन तास धरा. जेवून दुपारी झोप काढा, कारण दमट हवेत दुपारी फिरण्यात काही राम नाही. चारच्या पुढे चर्च. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच वारला, त्याला इथे पुरलं होतं. १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, आता फक्त जागा दाखवतात. मुलाला त्यापेक्षा वरचे कापडी पंखे दाखवा. बाहेर बसलेला माणूस दोरी ओढायचा आणि आत गोऱ्या लोकांना वारा लागायचा, ती सगळी यंत्रणा अजून छताला टांगलेली आहे.

तिथून चिनी जाळ्यांपर्यंत सपाट रस्ता आहे, मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांच्या सावलीतून. सासूबाईंना बसायला बाकं आहेत. जाळं वर येताना नीट बघा. मागच्या दोरांना ओळीने मोठे दगड बांधलेले असतात. चार-पाच जण दोर खेचतात आणि तो दगडांचा भार तेवढंच अवाढव्य जाळं पाण्यातून उचलतो. कोळी "या, ओढून बघा" म्हणून बोलावतात, फोटो काढू देतात, आणि नंतर पैसे मागतात. द्या थोडे, पण आकडा आधी ठरवून घ्या.

फक्त वाचक:

वार बंद असण्याचा मुद्दा +१. आणखी एक, सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अगदी तोकडे कपडे चालत नाहीत. मुलगा हाफ पँटवाला असेल तर रविवारी फुल पँट घालायला लावा.

चिंचगुळ:

खलाशीण, तुमचे आभार कसे मानू! बुकिंगवाल्याने हाच क्रम "स्टँडर्ड" म्हणून पाठवला होता. मग शनिवारी हाऊसबोट ठेवू की नको? नवऱ्याचा त्यावर फार जीव आहे.

उकडीचा:

हाऊसबोटीबद्दल मी सांगतो. साधारण दुपारी बाराला चढवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास उतरवतात. आता मधला हिशोब करा. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमारांची जाळी लागतात. म्हणजे प्रत्यक्ष फिरणं पाचेक तास, तेही बहुतेक वेंबनाड तलावात आणि इतर शेकडो हाऊसबोटींच्या रांगेत. रात्रभर तुम्ही उभ्या बोटीत झोपता आणि एसीचा जनरेटर ऐकता. हनिमूनला ठीक. तुमच्या तीन दिवसांतला पाऊण दिवस त्यातच जाईल, आणि रविवारचं मट्टनचेरी धावपळीत. शिवाय चढायला बऱ्याचदा एक फळी टाकलेली असते. ती ओल्या पायांनी ओलांडणं तुमच्या सासूबाईंना जमेल असं वाटत नाही.

नवऱ्याला सांगा, पाणी बघायचंच आहे ना? मग आलप्पुळा एका दिवसात करा. फोर्ट कोचीपासून पन्नासेक किलोमीटर, टॅक्सीने दीड तास. तिथे राज्य जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट कोट्टयमला जाते, अडीच तास, तिकीट नाममात्र. दुतर्फा कुट्टनाडची भातशेती, आणि ती पाण्याच्या पातळीपेक्षा खाली! बांध घालून पाणी बाहेर उपसतात आणि तळाशी भात पिकवतात. बोटीत शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या, सायकल, सगळं असतं. हाऊसबोटीला असे अरुंद कालवे दिसतच नाहीत. टॅक्सीवाल्याला रिकामी गाडी घेऊन कोट्टयमच्या जेट्टीवर यायला सांगायचं. चढताना-उतरताना बोटीवरची माणसं आपणहून हात देतात.

खलाशीण:

प्रवासी बोटीच्या बाजूने माझंही मत. पण अडीच तास लाकडी बाकावर बसणं सासूबाईंना झेपेल का ते त्यांनाच विचारा, आपण परस्पर ठरवू नये. झेपत नसेल तर कुंबळंगी हे खेडं फोर्ट कोचीपासून अगदी जवळ आहे. खाडी, खेकडे, काथ्याचा दोर वळणाऱ्या बायका, अर्ध्या दिवसात आटपतं.

आणि बोटीचंच म्हणाल तर शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी वॉटर मेट्रोने फोर्ट कोचीहून हायकोर्टला (एर्नाकुलमच्या बाजूचा धक्का) जाऊन परत या. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या विजेवरच्या, वातानुकूलित बोटी. यांचा धक्का तरंगता असतो, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे धक्का आणि बोट कायम एका पातळीत. व्हीलचेअर सरळ आत जाते, सासूबाईंना ढांग टाकावी लागणारच नाही. खिडकीतून वल्लारपाडमच्या कंटेनर धक्क्याच्या उंच क्रेन दिसतात आणि समोर विलिंग्डन बेट. ते बेट नैसर्गिक नाही. ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बंदराच्या तोंडाशी साचलेली वाळू उपसून जहाजांना वाट करून दिली आणि त्या गाळातून बेट उभं केलं. नौदलाचा तळ तिथेच शेजारी, म्हणून मला जरा जास्तच प्रेम. फोर्ट कोचीच्या मुखापाशी नशिबात असेल तर डॉल्फिनही दिसतात. मुलाला खिडकीपाशी बसवा, मोबाईल तो फोटोसाठीच काढेल.

चिंचगुळ:

सासूबाईंना विचारलं. त्यांचं उत्तर: "बोटीत बसायला काय होतंय, चढवा म्हणजे झालं." तर प्रवासी बोट नक्की. नवरा थोडा हिरमुसलाय. जेवणाचं कोणी सांगेल का?

अण्णा वांगीकर:

शाकाहाऱ्यांचे हाल होतात ही अफवा आहे. नाश्त्याला अप्पम आणि भाजीचा स्ट्यू, पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला करी, इडिअप्पम, कुठेही मिळतं. दुपारी साध्या हॉटेलात 'मील्स' (भाताची थाळी) मागवा. भात मात्र लाल आणि जाडा असतो, नको असेल तर पांढरा मागा. खोबरेल तेलाच्या वासाची सवय नसेल तर पहिला दिवस जड जातो. आणि टेबलावर गुलाबी रंगाचं कोमट पाणी ठेवतील, ते घाण पाणी नव्हे! पतिमुखम नावाचं लाकूड घालून उकळलेलं असतं. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा तो पेला परत पाठवला होता.

रविवारी मट्टनचेरीत असाल तर गुजराती रोडला जा. व्यापारानिमित्त पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या कच्छी-गुजराती मंडळींची वस्ती आहे, फरसाण, ढोकळा, सात्त्विक थाळी सगळं मिळतं. सासूबाई खूश. तिथेच धर्मनाथ जैन मंदिर आहे, दुपारी बाराच्या सुमारास कबुतरांना दाणे टाकतात तेव्हा सगळं अंगण भरून जातं.

मडगावकार:

अण्णांच्या यादीत भर घालतो. मट्टनचेरीत चेरलाई भागात तिरुमल देवस्थान आहे, गौड सारस्वतांचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून जी कुटुंबं खाली गेली त्यांतली बरीच कोचीला स्थिरावली. आजही घरात कोंकणी बोलतात. उच्चार वेगळा, पण मालवणी कानावर पडलेल्या माणसाला निम्मं तरी कळतं. सासूबाईंना त्या बाजारात भाजीवालीशी बोलायला सोडा आणि गंमत बघा. देवळात जायचं असेल तर पुरुषांना शर्ट काढावा लागू शकतो, मुलाला आधी कल्पना द्या, नाहीतर दारात नाटक.

पाचवा गियर:

मुन्नार सुचवल्याबद्दल मला सगळ्यांनी धुतलंय, तरी एक सांगतो. मुलासाठी कथकली बघा. पूर्ण खेळापेक्षा आधीचा मेकअप बघण्यासारखा. पाचच्या सुमारास प्रेक्षकांसमोरच रंगवायला बसतात, खेळ सहाला. कलाकार चक्क आडवा झोपतो आणि दुसरा माणूस तांदळाच्या लेपाने त्याच्या जबड्याभोवती पांढऱ्या कागदाची झालर चिकटवत जातो. मग एक बी पापणीखाली ठेवतात, डोळे लालभडक होतात. माझा पुतण्या, तोही मोबाईलवालाच, तासभर तोंड उघडं ठेवून बघत होता. पर्यटकांसाठीचा खेळ छोटा असतो, लांबत नाही.

चिंचगुळ:

माफ केलं, कथकलीसाठी! तर आता बेत असा: शुक्रवारी दुपारी आराम, चारला चर्च आणि जाळी. शनिवारी सकाळी सातला निघून आलप्पुळा, कोट्टयमची बोट, आणि वेळेत परत आलो तर कथकली. रविवारी सामान होमस्टेवर ठेवून दहाला सिनेगॉग, मग डच पॅलेस, गुजराती रोडला जेवण, चारला विमानतळाकडे. वॉटर मेट्रो कुठे बसवू?

खलाशीण:

कथकली शुक्रवारी ठेवा. शनिवारी कोट्टयमहून परतताना रस्त्यात अडकलात तर पाचची वेळ हुकेल. शुक्रवारी तीनला चर्च, मग जाळी, पाचला कथकली, हे सगळं एकमेकांपासून फार लांब नाही, रिक्षाने होतं. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर अंगात त्राण असेल तर वॉटर मेट्रो. शेवटची बोट किती वाजता ते मात्र तिकीट काढतानाच विचारा, परतीचं तिकीटही तेव्हाच घ्या.

डच पॅलेसचं एक राहिलं. भिंतींवरची रामायणाची चित्रं वरच्या मजल्यावर आहेत आणि जिना चढावा लागतो. बांधला पोर्तुगीजांनी, डागडुजी डचांनी केली, राहिले कोचीचे राजे, आणि लिफ्ट बसवायचं यांच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. सासूबाईंना सिनेगॉगच्या गल्लीत एखाद्या मसाल्याच्या दुकानात खुर्ची मागून बसवा, दुकानदार देतात. सिनेगॉगमध्ये त्या नक्की येऊ देत. जमिनीला चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. मिरी, वेलदोडा तिथे घेणार असाल तर दोन-तीन दुकानांत भाव विचारा, गल्लीच्या तोंडाशी जास्त सांगतात.

फक्त वाचक:

रविवारी चारला नको, साडेतीनला निघा. संध्याकाळी शहरातून बाहेर पडताना गर्दी असते. आणि टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.